कामाची जाळी

स्वेटर विणताना गुंडीसाठी काज करायचं असलं की विणणारी बाई दोन हालचाली करते. धागा सुईवरून एकदा फिरवून घेते आणि पुढचे दोन टाके एकत्र विणते. परतीच्या ओळीत त्या फिरवलेल्या धाग्यावर नेहमीसारखा टाका विणला की तिथे गोल, स्वच्छ कडेचं भोक तयार होतं. काही कापावं लागत नाही, कडा शिवून घ्यावी लागत नाही. टाक्यांची संख्याही होती तेवढीच राहते, कारण फिरवलेल्या धाग्याने एक टाका वाढवला आणि जोडटाक्याने एक घटवला. दोन सुयांवरची लेस म्हणजे याच काजाचा विस्तार. काजं कुठे घ्यायची, किती घ्यायची आणि जोडटाका लगेच शेजारी ठेवायचा की चार टाके पलीकडे, एवढं ठरवून विणणाऱ्या बायकांनी पानं, लाटा, मोराची पिसं, कोळ्याची जाळी असं सगळं काही कापडात आणलं आहे.

आपल्याकडे लेस म्हटली की परकराची झालर किंवा टीव्हीवर घातलेला रुमाल डोळ्यांपुढे येतो, म्हणजे शोभेपुरती वस्तू. सुयांवर विणलेली जाळी त्याहून कितीतरी कामसू आहे. जे भोक नक्षी काढतं तेच कापडाला ताणू देतं, हवा खेळू देतं, वजन कमी करतं, नाडी ओवायला जागा देतं. यातली शोभा बाजूला काढून नुसता उपयोग ठेवू म्हटलं, तर ते जमायचं नाही. आणि हे समजायला मोठी शाल हाती घ्यायची गरज नाही. वीतभर पंचा, बाळाचं टोपरं, भाजीची पिशवी अशा लहान वस्तूंत जाळीचा स्वभाव लवकर कळतो, कारण थोड्याच दिवसांत वस्तू पुरी होते आणि लगेच वापरात जाते.

महाराष्ट्रात घरोघरी जाळीकाम झालं ते बहुतेक क्रोशावर. तोरणं, ताटावरचे रुमाल, पाण्याच्या जगावरची मणी लावलेली झाकणं, सगळी साखळ्या आणि खांबांची. क्रोशात एका वेळी एकच टाका आकड्यावर असतो. तो पुरा झाला की तिथेच बांधला जातो. त्यामुळे कापड घट्ट, आकार धरून राहणारं होतं आणि दोरा जास्त लागतो. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. कापड पातळ होतं, लवचीक होतं, कुठल्याही बाजूला ताणलं की ताणतं आणि सोडलं की परततं. याची किंमतही आहे: एक टाका सुईवरून निसटला की तो खालच्या ओळींतून सरसर उसवत जातो, आणि जाळीत तो परत उचलणं साध्या विणीपेक्षा अवघड, कारण वाटेत कुठला फिरवलेला धागा कुठल्या टाक्याचा हे ओळखू येत नाही. म्हणून जाणत्या बायका दर आठ-दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा दाभणात ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार घालून ठेवतात. खाली काही चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. टाके त्याच्यावर अडून राहतात. काम संपलं की दोरा ओढून काढायचा. लेस पहिल्यांदा विणणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हे शिकवावं असं म्हणेन, नमुना नंतर.

जोडटाका दोन प्रकारचा असतो आणि नक्षीचं अर्धं गुपित त्यातच आहे. दोन टाके सरळ एकत्र सुलट विणले तर वरचा टाका उजवीकडे झुकतो. डावीकडे झुकवायचा असेल तर दोन टाके एकेक करून, सुलट विणल्यासारखे, उजव्या सुईवर नुसते उचलून घ्यायचे, मग डाव्या सुईचं टोक त्यांत समोरून घालून दोन्ही एकत्र विणायचे. भोकाच्या दोन्ही अंगांना हे दोन प्रकार समोरासमोर आले की पानाची मधली शीर आणि दोन्हीकडच्या कडा दिसायला लागतात. जोडटाका भोकाला चिकटून असेल तर कापड सरळ राहतं. तो दूर नेला की मधल्या टाक्यांच्या उभ्या रांगा तिरप्या होतात, आणि ओळीची कड आपोआप वळण घेते.

हे हातात घेऊन बघायचं तर शेटलंडचा ‘ओल्ड शेल’ नावाचा लाटांचा नमुना घ्यावा. जगभर तो विणला जातो आणि चारच ओळींचा आहे. एका लाटेला १८ टाके लागतात. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत आधी दोन-दोन टाके एकत्र असे ३ जोडटाके घ्यायचे. मग ‘धागा फिरवून घ्या, एक टाका सुलट’ असं ६ वेळा. मग पुन्हा ३ जोडटाके. चौथी ओळ मागच्या बाजूने येते, तरीही ती सुलटच विणायची, म्हणजे समोर एक उठावाची आडवी रेघ उमटते. हिशेब बघा: बाजूच्या १२ टाक्यांचे ६ झाले आणि मधल्या ६ टाक्यांचे १२. एकूण १८ ते १८च. पण एका जागी कापड आवळलं गेलं आणि दुसऱ्या जागी पसरलं. ती आडवी रेघ आता सरळ राहूच शकत नाही. ती हेलकावे घेते, आणि तिच्याबरोबर सुरुवातीची कडही. वेगळी झालर लावल्याशिवाय काठाला कमानी येतात.

याचाच एक पंचा करायचा तर दोन लाटांचे ३६ टाके आणि दोन्ही बाजूंना काठासाठी ४-४, असे ४४ टाके घालायचे. काठाचे टाके प्रत्येक ओळीत सुलट, म्हणजे कडा गुंडाळली जात नाही. जरा जाड सुती दोरा आणि ८ नंबरच्या सुया घेतल्या तर रुंदी वीतभर येते. (आपल्या दुकानांत मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे असतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर.) चौकोन होईपर्यंत विणलं की तोंड पुसायला किंवा ओटा पुसायला उत्तम कापड तयार होतं. उठावाच्या रेघा घासायच्या कामी येतात, आणि भोकांमुळे ते टॉवेलच्या जाड कापडापेक्षा लवकर वाळतं. पावसाळ्यात ओल्या फडक्याला येणारा कुबट वास ज्यांनी सोसला आहे त्यांना या भोकांचं मोल सांगायला नको.

हा नमुना जिथून आला ते शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेचा शंभराहून जास्त बेटांचा समूह. त्यातलं अन्स्ट हे ब्रिटनचं सगळ्यात उत्तरेकडचं वस्तीचं बेट, आणि तिथली लेस सगळ्यात बारीक. शेटलंडची मेंढी चणीने लहान, लोकर मऊ. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. लोकर गळायच्या हंगामात ती कात्रीने न कापता हाताने उपटून काढायची पद्धत होती. बायका ती चरख्यावर इतकी बारीक कातत की सहा फूट चौरस शाल शंभर ग्रॅमपेक्षा कमी भरे आणि लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. या शालींना ‘अंगठीची शाल’ असंच नाव पडलं. १८५१ सालच्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या होत्या. त्याच्याही आधी, मुंबईच्या लोकांना एके काळी जहाजांमुळे परिचित असलेल्या पी अँड ओ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आणि मूळचा शेटलंडचा आर्थर अँडरसन, याने राणी व्हिक्टोरियाला तिथले तलम विणलेले मोजे भेट दिले होते. बेटावरच्या विणकामाला त्याची मोठी जाहिरात झाली.

शालींची कीर्ती झाली, पण बायकांचं रोजचं विणकाम त्याहून साधं आणि लहान वस्तूंचं होतं: मोजे, हातमोजे, चेहऱ्यावर घ्यायच्या जाळ्या, बाळांची बंड्या-टोपरी. कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोकं पाडलेला चामडी पट्टा बांधत आणि एका सुईचं टोक त्या भोकात रोवत. सुई अशी टेकली की हात मोकळा होतो, आणि चालता चालताही विणता येतं. पाठीवर पीटची, म्हणजे जळणाच्या दलदली मातीची, टोपली आणि हातात विणकाम अशी त्या बायकांची जुनी छायाचित्रं आजही बघायला मिळतात. चालताना होत असे ते साधं विणकाम. तलम लेसला बैठक, उजेड आणि स्वच्छ हात लागत. पीट वाहून आणि मासळी साफ करून खरबरीत झालेल्या बोटांनी ती हाताळणं सोपं नव्हतं.

आणि या सगळ्याचे त्यांना पैसे मिळत नसत. बाई शाल घेऊन दुकानात जाई, दुकानदार किमतीइतका चहा किंवा कापड देई, रोकड नाही. ही पद्धत इतकी बोकाळली की ब्रिटिश सरकारला शेटलंडसाठी वेगळी चौकशी करावी लागली. १८७२ साली तिचा अहवाल निघाला, आणि त्यात विणणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या साक्षी आहेत. घरात पीठ नाही म्हणून दुकानातून मिळालेला चहा दुसरीकडे देऊन पीठ मिळवायचं, अशी त्यांची गत होती. विणकामाच्या पुस्तकांत शेटलंडची वर्णनं फार गोड असतात. माझ्या मते या साक्षींशिवाय ती वर्णनं अपुरी आहेत.

आपल्या देशातही असंच घडलं. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तिची मोठी निर्यात सुरू झाली. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लेस करणाऱ्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. दिवसाचे कितीतरी तास काम करणाऱ्या या बायका कामगार समजल्याच जात नव्हत्या. घरबसल्या फावल्या वेळात करायचा उद्योग म्हणून त्यांच्या कामाकडे बघितलं जाई आणि मजुरीही त्याच मापाने मिळे. ठिकाण वेगळं, सुई वेगळी, शतक वेगळं, आणि हिशेब तोच.

शेटलंडच्या बायका विकायला तलम लेस विणत आणि स्वतःच्या अंगावर घेत ती ‘हॅप’ नावाची जाड लोकरीची शाल. मध्ये साधा चौकोन, भोवती त्याच लाटांची रुंद पट्टी, बाहेर दातेरी काठ. ती तिकोनी दुमडून खांद्यावर घ्यायची, टोकं छातीवर आडवी करून पाठीमागे बांधायची, म्हणजे हात कामाला मोकळे. बाळालाही तीच गुंडाळत. आता प्रश्न येतो, भोकं असलेल्या कापडाने ऊब कशी येते? ऊब धरून ठेवते ती लोकरीच्या तंतूंमध्ये आणि जाळीच्या घरांत अडकलेली, न हलणारी हवा. तलम जाळीचे दोन-तीन पदर एकमेकांवर पडले की एका पदरातली भोकं दुसऱ्याने झाकली जातात आणि मध्ये हवेचे कप्पे तयार होतात. थोड्याशा लोकरीत पुष्कळ ऊब. म्हणूनच हॅप दुमडून घ्यायची पद्धत होती. झोंबरं वारं असेल तर एकपदरी जाळी उपयोगाची नाही, तेव्हा तिच्यावर कोट हवाच. लोकरीचा आणखी एक गुण म्हणजे ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे घामाने अंगाला चिकटत नाही.

थोड्याशा लोकरीत पुष्कळ ऊब, हाच न्याय रशियात ओरेनबुर्गच्या शालींना. तिथे मेंढीऐवजी शेळीच्या अंगावरच्या लांब केसांखालची मऊ लव विंचरून काढतात आणि तिची जाळी विणतात. त्यांच्या सर्वांत तलम शालीला कोळ्याच्या जाळ्याचंच नाव आहे. एस्टोनियाच्या हापसालू गावात वेगळीच गंमत: समुद्रकाठचं हे गाव औषधी चिखलाच्या स्नानांसाठी १८२५ पासून प्रसिद्ध झालं, हवापालटाला श्रीमंत पाहुणे येऊ लागले, आणि गावच्या बायकांना गिऱ्हाईक दारात मिळालं. त्यांच्या जाळीत एकाच टाक्यातून पाच, सात किंवा नऊ फेरे काढून ते पुढच्या ओळीत एकत्र विणतात. त्याची छोटी गुबगुबीत गाठ होते, आणि लिलीच्या कळ्या तिनेच दाखवतात.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या कामाची नाही. ती राठ, जाड. तिचं घोंगडं होतं, आणि घोंगड्याचं काम ती चोख करते: पाऊस अंगावरून निथळतो, थंडी लागत नाही. महाराष्ट्राच्या हवेत जाळी विणायची ती सुती दोऱ्याची, हे मला म्हणूनच पटतं. नाशिक-पुण्याच्या दोन महिन्यांच्या थंडीपुरती लोकर ठीक आहे. एरवी सूतच बरं. धुता येतं, उकळता येतं, घाम शोषतं. फक्त सूत आणि लोकर वेगळ्या तऱ्हेने वागतात हे ध्यानात ठेवायला हवं, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसतं विणकाम संपल्यावर.

सुईवरून उतरलेली लेस बघून नवशिकी हमखास हिरमुसते. चुरगळलेलं, आखडलेलं, भोकं मिटलेली असा तो बोळा असतो. लेस खरी उघडते ती पाण्यात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं, मग गादीवर किंवा थर्मोकोलवर चादर घालून तिच्यावर पसरायची आणि चहूबाजूंनी ताणून टाचण्या लावायच्या. कमानीच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. पूर्ण वाळेपर्यंत हलवायची नाही. शेटलंडमध्ये यासाठी खुंट्या लावलेल्या लाकडी चौकटी असत. लोकरीच्या तंतूत ओल्या अवस्थेत रेणूंमधले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा दिसतात, तीच ही क्रिया. केस आणि लोकर दोन्ही केराटिनचेच. सुताला हे इतकं जमत नाही. ते ताणलं तर वाळेपर्यंत ताणलेलं राहतं, हाताळलं की सैल पडतं. म्हणून सुती जाळीला खळ द्यायची. भाताची पेज गाळून पातळ केली तरी पुरते; साडीला देतो त्याहून थोडी दाट. आणि बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारी ॲक्रिलिकची लोकर पाण्याने आकार घेतच नाही. तिला वाफ लागते, आणि वाफ जास्त झाली तर तंतू कायमचे लुळे पडतात. लेससाठी ॲक्रिलिक घेऊच नये असं माझं मत आहे. एवढी मेहनत करून जाळी मिटलेलीच राहिली तर उपयोग काय?

आता पाण्याच्या जगावरच्या झाकणाकडे येऊ, कारण भोकाचं काम तिथे सर्वांत नीट दिसतं. गरम दुधावर स्टीलची ताटली ठेवली की वाफ आत अडते आणि ताटलीला आतून पाणी सुटून दुधात थेंब पडतात. जाळी ठेवली तर वाफ निघून जाते, माशी मात्र आत जात नाही, भोकं तेवढी बारीक असली की झालं. कडेचे मणी दिसायला छान असतात, पण ते लावले आहेत वजनासाठी. पंख्याच्या वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणून. क्रोशावर ही झाकणं आपल्याकडे पुष्कळ झाली. चार टोकदार सुयांवर, म्हणजे मोजे विणतात त्या सुयांवर, ती गोल विणता येतात आणि फार हलकी होतात.

गोल विणताना अडचण अशी की मधून बाहेर जाताना टाके वाढवत राहावं लागतं. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात. अमेरिकेत राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन या इंग्रज विणकाम-लेखिकेने याला फार सुटसुटीत उत्तर दिलं. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की घेरही दुप्पट होतो. मग दर ओळीला थोडे थोडे टाके वाढवत बसण्याऐवजी त्रिज्या दुप्पट होईल तेव्हाच एकदम सगळे टाके दुप्पट करायचे, मधल्या ओळींत वाढ नाही. ९ टाक्यांनी सुरुवात. एक फेरी साधी, मग प्रत्येक टाक्याआधी धागा फिरवून १८. तीन फेऱ्या साध्या, मग ३६. सहा फेऱ्या, मग ७२. बारा फेऱ्या, मग १४४. पुढे चोवीस, अठ्ठेचाळीस असं जात राहिलं तर त्याच हिशेबाने मोठी गोल शाल होते; वर्तुळाच्या त्या गुणोत्तरावरून तिला ‘पाय शाल’ म्हणतात.

झाकणासाठी आपण १४४ वर थांबायचं. तिथवर २६ फेऱ्या होतात. बारीक सुती दोऱ्याने आणि १२ नंबरच्या सुयांवर इंचाला सात टाके आणि आठ फेऱ्या बसल्या तर व्यास साडेसहा इंच येतो. सहा-सात फेऱ्यांचा काठ जोडला की आठ इंच, म्हणजे पाच इंची तोंडाच्या जगावर चारी बाजूंनी दीड इंच खाली उतरेल. दुप्पट करायच्या फेरीत शेजारी जोडटाके नसतात, त्यामुळे तिथे भोकांचं एक स्वच्छ कडं उमटतं. नवखीने एवढ्यावर समाधान मानावं. हात बसला की बारा फेऱ्यांच्या पट्ट्यात ७२ टाके आहेत हे लक्षात घ्यायचं: ६, ८, ९ किंवा १२ टाक्यांचा कुठलाही पानाफुलांचा नमुना तिथे बिनचूक बसतो. मणी मात्र विणताना ओवू नयेत. आधी जाळी खळ देऊन ताणून वाळवावी, मग काठाच्या टोकांना सुईदोऱ्याने एकेक मणी शिवावा. काचेचे घ्यावेत, प्लॅस्टिकच्या मण्यांना वजन नसतं.

बाळाच्या कपड्यांत जाळी वापरताना एक काळजी घ्यायलाच हवी. तान्ह्याची बोटं मोठ्या भोकांत अडकतात आणि धागा बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. हातमोजे, पायमोजे आणि अंगावर घ्यायची दुलई यांत मोठ्या घरांची जाळी नको. टोपऱ्याला मानेजवळ एकच ओळ ‘धागा फिरवा, दोन एकत्र’ अशी घेतली तर नाडी ओवायला नेमकी जागा होते, टोपरं डोक्याला बसतं आणि बाळ वाढलं की नाडी सैल करता येते. नाडी आखूड ठेवावी आणि बाळ झोपलं की टोपरं काढावं. पायमोज्याच्या वरच्या कडेला हीच ओळ घेऊन, पुढे चार ओळी साध्या विणून, भोकांच्या रेषेवर कड आत दुमडून शिवली तर त्या रेषेवर बारीक कंगोरे उभे राहतात. दिसायला नाजूक, आणि दोन पदरी झाल्यामुळे कड ताणून सैल पडत नाही.

साबणाचे उरलेले तुकडे ठेवायची तळहाताएवढी पिशवीही याच ओळीने होते, आणि भाजीची मोठी पिशवीसुद्धा. सगळ्या पिशवीभर एका ओळीत ‘धागा फिरवा, दोन एकत्र’, परतीची ओळ साधी. कांदे-बटाटे हवेशीर राहतात, आणि रिकामी पिशवी मुठीत मावते. तिच्यात फक्त दोन जागा जपाव्या लागतात. तळ आणि पट्टा जाळीचे करू नयेत. तळाला जाळी केली तर मिरच्या आणि लिंबं रस्त्यात गळतात, आणि जाळीचा पट्टा चार किलोला गुडघ्यापर्यंत लोंबतो. पट्टा दुहेरी दोऱ्याने, बारीक सुईवर, सगळा सुलट विणावा आणि पिशवीच्या बाजूने तळापर्यंत शिवून न्यावा, म्हणजे वजन जाळीवर न येता पट्ट्यावर येतं. वस्तू पुरी झाल्यावर उरलेला दोरा फेकू नये. हातभर तुकडा पिशवीच्या आतल्या बाजूला बांधून ठेवावा आणि पिशवीबरोबर धूत राहावा; पुढे कधी जाळीचं घर तुटलं तर रफू करायला त्याच रंगाचा, तितकाच विटलेला दोरा हाताशी असतो.